कुत्र्याची लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर: बारामती-इंदापूरच्या माळाकडेच्या वस्त्यांवरचे रक्तातले परजीवी

वस्तीवरचं कुत्रं सकाळी भाकरीला तोंड लावत नाही. दुपारपर्यंत गोठ्यामागच्या सावलीत पडून राहतं, हाक मारली तर नुसती शेपटी हलवतं. दुसऱ्या दिवशी लघवी गडद होते, कोऱ्या चहासारखी. घरात लगेच तर्क सुरू होतात. कुणी म्हणतं ऊन लागलं, कुणी म्हणतं कावीळ झाली, आणि शेजाऱ्याशी बांधावरून वाद असेल तर "कुणीतरी काहीतरी घातलं" हे ठरूनच जातं. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रं मरतं आणि विषाचा संशय कायमचा मनात राहतो.

यातली बरीच कुत्री विषानं मरत नाहीत. त्यांच्या रक्तात डोळ्यांना न दिसणारा एक जीव शिरलेला असतो. तो जंत नाही. जंत पोटात असतो आणि गोळीनं पडतो. हा एका पेशीचा परजीवी असतो, थेट रक्ताच्या पेशीत घर करतो, आणि जंताची गोळी त्याला काहीच करत नाही.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत या आजारांना जागा मिळण्याचं कारण इथल्या जमिनीतच आहे. नीरेच्या कालव्याखाली उसाचा बागायती पट्टा, आणि थोडं वर सरकलं की सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडीकडचा जिरायती माळ. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये चिंकारासाठी राखलं गेलं. क्षेत्र अवघं सव्वापाच चौरस किलोमीटरच्या आत. चिंकारा, लांडगा, कोल्हा, खोकड, तरस यांना अभयारण्याची हद्द कळत नाही, ते वनखात्याच्या कुरणात, पडीक रानात आणि उसातही असतात. कोल्हा तर आता उसातलाच झालाय. तोडणी सुरू झाली की फडातून बाहेर पडतो आणि वस्तीवरच्या कुत्र्याशी त्याची गाठ पडते. पाणी प्यायचा हौद एक, मेलेलं जनावर टाकायची जागा एक, आणि गवताच्या पात्यावर टपून बसलेली गोचीडही तीच.

कोल्ह्याचा आणि कुत्र्याचा एकच ताप

लघवी लाल करणाऱ्या या परजीवीचं नाव बबेसिया. गाईला होणारा गोचीडताप गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यातलाच एक प्रकार हा, पण कुत्र्याचा बबेसिया वेगळा आणि गाईचा वेगळा. गाईचा कुत्र्याला होत नाही, कुत्र्याचा गाईला होत नाही.

कुत्र्यात मुख्यतः दोन जाती सापडतात. एक व्होगेली. ती तपकिरी रंगाच्या नेहमीच्या कुत्र्याच्या गोचिडीतून येते. दुसरी गिबसोनी, आकारानं बारीक पण औषधाला चिवट. या दुसरीचा इतिहास माळाकडेच्या लोकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. 1910 मध्ये पॅटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं मद्रासमधल्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात हा जीव पहिल्यांदा पाहिला, आणि पाठोपाठ तो त्याला तिथल्या कोल्ह्याच्या रक्तातही दिसला. म्हणजे हा आजार ओळखला गेला त्या दिवसापासूनच तो पाळीव आणि रानटी अशा दोन्ही घरांत होता.

बबेसिया तांबड्या रक्तपेशीत शिरतो, तिथं वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरतो, म्हणून ती लाल किंवा काळपट. कुत्र्याचा ओठ वर करून हिरडी पाहावी. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते. अंगठ्यानं दाबून सोडली तर दोन सेकंदांत रंग परत येतो. आजारी कुत्र्याची हिरडी पांढरी फटक असते, काही वेळा पिवळसर. अंग तापलेलं असतं, पण कुत्र्याचा ताप हात लावून ठरवू नये, त्याचं अंग मुळातच माणसापेक्षा गरम. 101 ते 102.5 फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं, आणि या आजारात ते 104-105 च्या वर जातं. थोडं चाललं तरी धाप लागते. सगळ्याच कुत्र्यांची लघवी लाल होत नाही. गिबसोनीत तर कितीतरी वेळा नुसता येऊन-जाऊन ताप, खंगत जाणं आणि पांढऱ्या हिरड्या एवढंच दिसतं.

गोचीड चिकटली की त्याच मिनिटाला बबेसिया आत जातो असं नाही. तो गोचिडीच्या लाळेत तयार व्हायला साधारण दोन दिवस लागतात. रोज संध्याकाळी कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यांत, मानेखाली आणि शेपटीच्या बुडाशी हात फिरवून गोचिडी काढणाऱ्या घरात हा आजार कमी का, याचं उत्तर या दोन दिवसांत आहे.

गिबसोनीला मात्र गोचीडच लागते असं नाही. दोन कुत्री रक्तबंबाळ होईपर्यंत भांडली तर चाव्यातूनही तो जातो. रातची राखण करणारी, लांडग्या-कोल्ह्याच्या अंगावर जाणारी, कार्तिकात माजावरच्या कुत्रीमागं टोळीनं फिरणारी कुत्री म्हणूनच जास्त धोक्यात. आजारी कुत्रीकडून पिलांनाही तो पोटातच मिळतो.

एक इंजेक्शन आणि अंदाज

या आजारावर औषध आहे, आणि वेळेत दिलं तर कुत्रं उठतं. अडचण औषधाची नसते, अंदाजाची असते.

गाईच्या गोचीडतापासाठी डिमिनाझिन हे इंजेक्शन सर्रास वापरलं जातं, गोठ्यात अर्धी बाटली पडलेली असते. तेच कुत्र्याच्या व्होगेलीवरही चालतं. पण गाईचं वजन चारशे किलो आणि कुत्र्याचं अठरा, हा हिशेब सिरिंजमध्ये डोळ्यांनी होत नाही. शिवाय कुत्र्यात या औषधाचा उपयोगी डोस आणि विषारी डोस यांच्यात अंतर फार थोडं आहे. जास्त गेलं, किंवा "फरक पडला नाही" म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा टोचलं, तर मेंदूत रक्तस्राव होतो. कुत्रं झटके देतं, मान एका बाजूला टाकतं, पाय ताणतं. मग लोक म्हणतात आजार डोक्यात गेला. डोक्यात औषध गेलेलं असतं.

इमिडोकार्ब हे दुसरं इंजेक्शन. त्यानं लाळ सुटते, उलटी होते, म्हणून डॉक्टर आधी अॅट्रोपिन देतात. आणि गिबसोनीवर ही दोन्ही तोकडी पडतात. तिच्यासाठी दहा-दहा दिवस किंवा त्याहून जास्त चालणारी वेगवेगळ्या गोळ्यांची जोडणी लागते. म्हणून रक्तात कोणती जात आहे हे आधी पाहणं महत्त्वाचं. न पाहता टोचलेलं इंजेक्शन लागलं तर नशीब.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. त्याच तपकिरी गोचिडीतून एर्लिशिया नावाचा जिवाणूही येतो. तो परजीवी नाही, त्याचं औषध वेगळं, डॉक्सिसायक्लिन. त्याच्यात ताप येतो, अंगावर लाल ठिपके उठतात, कुत्र्याचा घोळणा फुटतो आणि नाकातून रक्त थांबत नाही. एकाच कुत्र्यात दोन्ही असणंही नवीन नाही. बबेसियाचं इंजेक्शन दिलं, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा कुत्रं पडलं, तर मागं एर्लिशिया असू शकतो.

माणसाच्या गोळ्या देऊ नयेत हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल, अंग दुखतं म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन दिलं जातं. रक्त आधीच कमी झालेल्या कुत्र्याच्या जठराला, मूत्रपिंडाला आणि यकृताला ते आणखी घाव घालतं.

गोचीड कुत्र्यावर कमी, भिंतीत जास्त

कुत्र्याच्या तपकिरी गोचिडीची रीत गाईच्या नेहमीच्या गोचिडीपेक्षा वेगळी आहे. गाईची ती गोचीड पिलापासून मोठी होईपर्यंत एकाच जनावरावर राहते. कुत्र्याची गोचीड तीनदा चढते आणि तीनदा उतरते. रक्त पिऊन झालं की खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, दगडी पायऱ्यांच्या सांध्यात, पोत्यांच्या थप्पीखाली, कुत्रं बसतं त्या कोपऱ्यात जाऊन कात टाकते. मादी एका वेळी हजारो अंडी घालते, आणि व्होगेलीचा परजीवी त्या अंड्यांतूनही पुढच्या पिढीत जातो. उपाशी मोठी गोचीड कित्येक महिने तग धरते.

म्हणजे कुत्र्यावर वीस दिसल्या तर घरात त्याच्या कितीतरी पट लपलेल्या असतात. नुसतं कुत्रं धुऊन काही होत नाही. कुत्र्याची बसायची जागा मोकळी करावी, पोती उन्हात टाकावीत, फटी सिमेंटनं किंवा मातीनं लिंपून चुना मारावा. दगडी गोठ्याच्या फटींवरून फ्लेमगन फिरवतात तेही चांगलं, फक्त कडबा आणि वैरण आधी लांब हलवून. पंधरा दिवसांनी हेच पुन्हा करावं, कारण पहिल्या वेळी जी अंडी होती ती आता गोचिडी झालेली असतात.

कुत्र्यावरच्या औषधांत पाठीवर सोडायचे थेंब, गळ्यातला पट्टा आणि पोटातून द्यायच्या गोळ्या असे प्रकार मिळतात. गोळ्यांत काहींचा परिणाम एक महिना टिकतो, काहींचा तीन महिन्यांच्या आसपास. त्या वजनावर असतात आणि स्वस्त नाहीत. ज्याला परवडत नाही त्यानं निदान फेब्रुवारीपासून पावसाळा संपेपर्यंत रोज हातानं गोचिडी काढाव्यात. चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढावी आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाकावी. नखानं चिरडू नये.

जळकं ऑईल, डिझेल, रॉकेल, आणि कपाशी-उसावर फवारायचं कीटकनाशक यांतलं काहीही कुत्र्याला लावू नये. गोचिडी मरतात हे खरं आहे. पण कुत्रं अंग चाटतं आणि जे कातडीवर आहे ते पोटात जातं. लाळ गळते, अंग थरथरतं, बुबुळाची बाहुली टाचणीएवढी होते. ही कीटकनाशकाची विषबाधा असते आणि विष घालणारा शेजारी नसतो.

गोचीड चावून नाही, गिळून होणारा

कुत्रं अंगावरची गोचीड दातांनी ओढून गिळतं, हे रोजचं दृश्य. हेपॅटोझून हा परजीवी नेमका याच वाटेनं जातो. तो गोचिडीच्या चाव्यातून येत नाही, गोचीड पोटात फुटली की बाहेर पडतो, आतड्यातून शिरून प्लीहा, हाडातला मगज, यकृत असा पसरतो आणि शेवटी पांढऱ्या पेशींत बसतो. 1905 मध्ये याची पहिली नोंद झाली ती भारतातल्याच कुत्र्यांत. मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख इथल्या 525 भटक्या कुत्र्यांच्या रक्ताची जनुकीय तपासणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात गोचिडीतून येणाऱ्या आजारांमध्ये सगळ्यात जास्त हाच निघाला, दर दहात तीन कुत्र्यांत.

बहुतेक कुत्री हा आजार अंगात घेऊन वर्षानुवर्षं फिरतात, काही दिसत नाही. कुत्रं उपाशी राहिलं, पिलं झाली, डिस्टेंपर किंवा एर्लिशिया झाला की मग तो वर येतो. कुत्रं खाऊनही सुकतं, पाठीचा कणा दिसायला लागतो, मागचा भाग ओढत चालतं. पिलांना तो आईच्या पोटातून मिळतो. कोल्ह्यांतही हेपॅटोझूनच्या नोंदी आहेत.

सर्रा: मेलेल्या जनावराचं मांस आणि निळा डोळा

पावसाळ्यात आणि त्यानंतर पाणथळीच्या कडेला, कालव्याकाठी, उजनीच्या फुगवट्याच्या बाजूला जनावरांना रक्त येईस्तोवर चावणारी मोठी माशी वाढते. टॅबॅनस तिचं नाव. ती एका जनावराचं रक्त अर्धवट पिऊन लगेच दुसऱ्यावर बसते आणि तोंडाला लागलेल्या रक्तातून सर्राचा परजीवी नेते. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हे त्याचं नाव, ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानं 1880 मध्ये तेव्हाच्या पंजाबात घोड्या-उंटांच्या रक्तात तो शोधला म्हणून.

गाई-म्हशीत सर्रा पुष्कळदा दबून राहतो. घोड्यात आणि कुत्र्यात तो मारतो. कुत्र्यात एक खूण ठळक असते. ताप येतो-जातो, चेहरा आणि पाय सुजतात, आणि डोळ्याच्या बुबुळावर निळसर पांढरं धुकं येतं. "कुत्र्याला मोतीबिंदू झाला" म्हणून लोक सोडून देतात. आठवड्याभरात असा डोळा झालेलं, अंगात ताप असलेलं कुत्रं दिसलं तर रक्त तपासून घ्यावं.

कुत्र्याला हा आजार माशीशिवायही होतो. सर्रानं मेलेल्या जनावराचं ताजं मांस आणि रक्त तोंडाला लागलं तरी पुरतं, तोंडातल्या बारीक जखमेतून तो आत जातो. माळावर ओढून टाकलेलं जनावर रात्रीतून कुत्री, कोल्हे, तरस, लांडगे असे सगळेच खातात, हे ध्यानात घेतलं की या वाटेचं महत्त्व कळतं.

माणसाला सर्रा होत नाही असं शंभर वर्षं पुस्तकांत लिहिलेलं होतं. ते खोटं ठरलं महाराष्ट्रात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या शिवणी गावच्या एका पशुपालकाच्या रक्तात 2004 मध्ये हा परजीवी सापडला, नागपूरला निदान झालं आणि सुरामिन या औषधानं तो बरा झाला. पुढच्या तपासणीत कळलं की परजीवी मारणारा एक घटक प्रत्येक माणसाच्या रक्तात असतो, तो या माणसात जन्मतःच नव्हता. नंतर गावातल्या शेकडो लोकांचं रक्त पाहिलं, कुणातही जिवंत परजीवी निघाला नाही. म्हणून घाबरायचं कारण नाही, पण आजारी जनावराचं रक्त उघड्या जखमेला लागू देऊ नये, एवढं खरं. कुत्र्याचे बबेसिया आणि हेपॅटोझून यांचा माणसाला धोका नाही.

गाय गाभडली, आणि वार कुत्र्यानं नेली

आता ज्या परजीवीत मोठ्या कुत्र्याला बहुतेक वेळा काही होत नाही आणि नुकसान गोठ्यात होतं, त्याच्याकडे. बारामती-इंदापूरच्या दूध धंद्याच्या दृष्टीनं हाच सगळ्यात महाग.

पाचव्या-सहाव्या-सातव्या महिन्याची गाभण गाय अचानक गाभडते. ताप नाही, मार लागलेला नाही, चाराही तोच. पुढच्या वेताला पुन्हा तसंच होतं. मग तिची कालवड मोठी होते, गाभण राहते आणि तीही गाभडते. अशा वेळी ज्या कारणांचा संशय घ्यायचा त्यांत निओस्पोरा हे एक. 1984 मध्ये नॉर्वेत कुत्र्याच्या पिलांत हा परजीवी पहिल्यांदा दिसला, 1988 मध्ये त्याला नाव मिळालं, आणि 1998 मध्ये कळलं की त्याचं चक्र कुत्र्याच्या आतड्यात पूर्ण होतं. 2011 मध्ये करड्या लांडग्याच्या बाबतीतही तेच सिद्ध झालं. भारतातल्या गाई-म्हशींच्या रक्तातही त्याच्या खुणा सापडलेल्या आहेत.

चक्र असं. गाभडलेलं वासरू किंवा वार कुत्रं खातं. काही दिवसांनी त्याच्या विष्ठेतून परजीवीची बीजं पडायला लागतात. ती वैरणीवर, हौदात, गव्हाणीत किंवा उघड्या मुरघासावर पडतात आणि गाईच्या पोटात जातात. एकदा गाईत शिरला की तो जन्मभर राहतो आणि गाभणपणात पोटातल्या वासराला मिळतो. म्हणून आजार घराण्यात चालतो. गाईसाठी याचं औषध नाही.

यावर उपाय म्हणून कुत्री हाकलून किंवा मारून काही साधत नाही. एक गेलं की महिन्यात दुसरं येतं, आणि राखण जाते ती वेगळीच. तोडायची ती साखळी वार आणि गाभडलेलं वासरू इथं तोडायची. गाय व्यायली की वार पडेपर्यंत कुणीतरी जवळ थांबावं. वार लगेच उचलून, कुत्र्या-कोल्ह्याला उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. बांधावर फेकणं, ओढ्यात सोडणं, झाडाला टांगणं बंद करावं. मुरघासाची बॅग किंवा खड्डा झाकलेला ठेवावा. मऊ, ऊबदार आणि उंच जागा कुत्र्याला आवडते, नेमकं तिथंच ते बसतं आणि घाणही करतं.

गाभडलेलं वासरू उघड्या हातानं उचलू नये. कारण निओस्पोरा नव्हे, तो माणसाला होत नाही. कारण ब्रुसेला. तोही गाय गाभडवतो, तो जिवाणू आहे आणि माणसाला महिनोन् महिने ताप आणि सांधेदुखी देतो. दोन्हींत गाय बाहेरून सारखीच दिसते, फरक रक्त तपासल्यावरच कळतो. एकापेक्षा जास्त गाई गाभडल्या तर डॉक्टरांना ब्रुसेला आणि निओस्पोरा दोन्हींची तपासणी करायला सांगावं.

मेंढपाळांसाठीही हीच गोष्ट लागू. मेलेल्या मेंढीचं कच्चं मांस वाड्यावरच्या कुत्र्यांना टाकलं की सार्कोसिस्टिस नावाचा दुसरा परजीवी कुत्र्यातून पुन्हा चराऊ रानात आणि रानातून कळपात येतो. मांस द्यायचंच तर शिजवून द्यावं.

पिलांचं थोडक्यात. दोन-तीन महिन्यांच्या पिलाला रक्ताचा जुलाब झाला की सगळे पार्वो म्हणतात, आणि पुष्कळदा तो असतोही. पण जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे आतड्यातले परजीवीही असंच करतात, आणि त्यांचं औषध अगदी स्वस्त. विष्ठेचा नमुना डबीत घालून दाखवला की वेगळं कळतं.

माळावरच्या शेजाऱ्यांचं काय

गावकुत्र्याचा आजार रानात गेला तर काय होतं याचं मोठं उदाहरण गुजरातचं आहे. सप्टेंबर 2018 मध्ये गीरच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत 23 सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं नमुने तपासले आणि त्यांत कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणू सापडला. काही सिंहांत सोबत बबेसियाही होता. त्याआधी 1994 मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत डिस्टेंपरनंच सिंहांची मोठी हानी झाली होती. संशोधकांनी पुढं दाखवलं की तेव्हा दुष्काळानं रानम्हशी खंगल्या होत्या, त्यांच्या अंगावर गोचिडी मावत नव्हत्या, त्या खाऊन सिंहांत बबेसिया भरमसाट झाला, आणि त्यावर डिस्टेंपर आला. नुसता एखादा आजार ज्यांनी पचवला असता ते दोन्हींनी मिळून मारले. दुष्काळ म्हणजे काय हे इंदापूरच्या जिरायती भागाला सांगायची गरज नाही.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, नान्नजच्या माळरानावर, संशोधकांनी गावकुत्री आणि खोकड यांचं रक्त तपासलं होतं. डिस्टेंपर आणि पार्वो या दोन्हींशी बहुतेक कुत्र्यांचा आधीच संबंध येऊन गेलेला होता, आणि खोकडांतही खुणा होत्या. पुण्याच्या परिसरातल्या लांडग्यांत कुत्र्याशी संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून 2023 मध्ये पुढं आलं. म्हणजे लांडगा आणि कुत्रं इतके जवळ येतात. जिथं रक्ताचं नातं जुळतं तिथं रक्तातले परजीवी मागं राहत नाहीत.

डिस्टेंपर, पार्वो आणि रेबीज यांना लस आहे, बबेसियाला इथं मिळणारी लस नाही. पण लस घेतलेलं कुत्रं अंगातला बबेसिया-हेपॅटोझून पुष्कळदा दाबून ठेवतं, म्हणून लशीचा उपयोग दोन्हीकडे होतो. कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या कुरणांत वनखात्यानं गवताळ सफारी सुरू केली आहे, लांडगा पाहायला लोक पुण्या-मुंबईहून येतात. त्या कुरणांना लागून असलेल्या वस्त्यांवरची कुत्री आधी लसवंत झाली पाहिजेत, हे ओघानंच आलं.

रक्त कसं द्यायचं

कुत्रं दोन वेळा जेवलं नाही आणि हिरड्या पांढऱ्या दिसल्या की वाट पाहू नये. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावं. कानाच्या कडेला टोचून काढलेल्या एका थेंबाची काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बबेसिया, हेपॅटोझून, सर्रा तिन्ही दिसू शकतात. काचपट्टी औषध द्यायच्या आधी काढलेली असावी. आधी इंजेक्शन आणि मग तपासणी असा उलटा क्रम झाला तर परजीवी रक्तातून कमी झालेले असतात आणि पट्टी कोरी निघते. कोरी पट्टी म्हणजे आजार नाही असंही नाही, ताप चढलेला असताना पुन्हा एकदा काढायला सांगावं.

पुढच्या तपासण्यांसाठी रक्त जांभळ्या टोपणाच्या बाटलीत घेतात. ती बर्फाच्या डब्यात ठेवायची, पण बर्फाला थेट चिकटू द्यायची नाही आणि गोठवायची तर अजिबात नाही. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग निदान प्रयोगशाळा आहे, आणि शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय. नमुना डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जातो.

एक सावधगिरी सगळ्यांच्या आधीची. कुत्रं सुस्त आहे, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, पाणी गिळता येत नाही, तर त्याच्या तोंडात हात घालून हिरडी पाहायला जाऊ नये. तो रेबीज असू शकतो. अशा कुत्र्याला लांबूनच कोंडावं आणि डॉक्टरांना बोलवावं. चावलं किंवा लाळ जखमेला लागली तर साबणाच्या वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी माणसाच्या दवाखान्यात जावं.

कुत्रं उचलून नेण्यासारखं नसेल तर 1962 या नंबरावर पशुसंवर्धन खात्याचं फिरतं पथक मिळतं. माळावर कोल्हा, लांडगा किंवा खोकड मेलेला, झोकांड्या खाणारा किंवा माणसाला न घाबरता उभा दिसला, तर त्याला हात लावू नये, कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नये, आणि वनखात्याच्या 1926 वर कळवावं. दोन्ही नंबरांतले आकडे तेच आहेत, फक्त शेवटचे दोन उलटे, त्यामुळे फोन करताना गडबड होते. बासष्ट गोठ्याचा, सव्वीस रानाचा.